पासिंगपुरते मार्क

आपल्या होस्टेलवर ‘पासिंग’ या शब्दाला एकच अर्थ आहे. शंभरात चाळीस. त्याच्या वर मिळाले तर देवाची कृपा, खाली मिळाले तर पुढच्या सेमिस्टरला पुन्हा भेट. गेटच्या बाहेर पडून अक्कलकोट रोडला लागलं, की त्याच शब्दाचा दुसरा अर्थ सुरू होतो. “गाडीचं पासिंग कधीपर्यंत हाय?” असं कुंभारीच्या चहाच्या टपरीवर कुणीही कुणालाही विचारतं. जुनी गाडी घेताना तर इंजिन, टायर, पत्रा सगळं नंतर; आधी पासिंग. हे दोन्ही अर्थ वेगवेगळे आहेत असं मी तीन वर्षं समजत होतो. गेल्या वर्षी आमच्या घरी गाडी आली आणि दोन्ही शब्दांचं गोत्र एकच आहे हे कळलं.

गाडी म्हणजे मारुती ८००. जानेवारी २००९ चं मॉडेल, पांढरी, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेली. अण्णांनी ती २०२५ च्या मे महिन्यात बासष्ट हजाराला घेतली. हौस म्हणून नव्हे. आमचं गाव वळसंगच्या पलीकडे आत, आणि आईचं डायलिसिस कुंभारीच्या दवाखान्यात, आठवड्यातून तीन वेळा. सकाळी सातला हजर व्हायचं असतं. एसटीची वेळ जुळत नाही. जाताना कसंतरी निभतं, पण येताना चार तास मशीनवर काढलेल्या माणसाला वडापच्या जीपमध्ये तिसरी सीट म्हणून कोंबायचं कसं? एक वर्ष अण्णांनी भाड्याची रिक्षा केली. मग हिशोब मांडला आणि गाडी बघायला सुरुवात केली.

विकणाऱ्याचं वाक्य अण्णांनी मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं होतं. “पासिंग २०२९ पर्यंत क्लिअर, पीयूसी चालू, एका हातची गाडी, बघायचं कामच नाही.” यातल्या शेवटच्या तीन शब्दांनी माझे कान टवकारले. बघायचं काम नाही, असं ज्या वस्तूबद्दल सांगतात तीच आधी बघावी, हे आम्हाला पहिल्याच वर्षी वर्कशॉपच्या सरांनी शिकवलंय. (ते त्यांनी जर्नलबद्दल सांगितलं होतं, तो भाग वेगळा.)

आता हे पासिंग म्हणजे नेमकं काय ते आधी सांगतो, कारण आमच्या घरातच याबद्दल तीन जणांची चार मतं होती. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. पंधरा झाली की गाडी परिवहन कार्यालयात न्यायची, निरीक्षक ती तपासणार, योग्य वाटली तर आणखी पाच वर्षं. पुन्हा पाच, पुन्हा तपासणी. म्हणजे आमची गाडी जन्मल्यापासून २०२४ पर्यंत सरकारी नजरेखाली आलीच नव्हती. २०२४ मध्ये एकदा आली आणि आता २०२९ पर्यंत येणार नाही. याउलट आपल्या गेटवर उभी असते ती रिक्षा आठ वर्षांची झाली की दर वर्षी फिटनेसला जाते. रिक्षावाल्या काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “तुमची गाडी साहेबाची, आमची गाडी गरिबाची.” यात थोडं तथ्य आहे. रिक्षा दिवसभर धावते म्हणून तिची तपासणी जास्त, हे कारण पटण्यासारखं आहे. पण सोळा वर्षांची खाजगी गाडी पाच वर्षं कुणीच बघू नये हे काही पटत नाही. फी मात्र वेळेवर वाढते. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला कारला ६०० रुपये लागायचे, ते १ एप्रिल २०२२ पासून ५००० झाले, आणि वीस वर्षांपुढच्या कारला २०२५ मध्ये १०,००० केले.

जून महिन्यात एका रविवारी अण्णा गाडी घेऊन होस्टेलवर आले. सरांची परवानगी आधीच काढली होती. सकाळी साडेसहाला कॉलेजच्या मागचा सरळ रस्ता रिकामा असतो. दोन्ही टोकांना एकेक पार्टनर उभा केला, सिव्हिलच्या मित्राने सर्व्हेइंग लॅबमधला मोजपट्टीचा टेप आणला आणि आम्ही गाडीची परीक्षा घेतली. प्रॅक्टिकल, ओरल, सगळं.

पहिला प्रश्न ब्रेकचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत यासाठी सोपा आकडा दिलेला आहे: कोरड्या, सपाट, चांगल्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी चारचाकी ब्रेक दाबल्यावर १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे. खडूने रेघ मारली. अण्णा गाडी चालवणार, मी शेजारी. रेघेवर पुढचं चाक आलं की ब्रेक.

गाडी थांबली. टेप लावला. ९.९ मीटर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी माझ्याकडे ‘बघ’ अशा नजरेने बघितलं.

तेवढ्यात मागच्या सीटवर बसलेल्या मित्राने मोबाइल पुढे केला. त्याने जीपीएसवर वेग लावून ठेवला होता. गाडीचा काटा ३० दाखवत होता तेव्हा मोबाइल २८ म्हणत होता. आता ही काही काट्याची लबाडी नाही. नियमच स्पीडोमीटरला दहा टक्के इकडेतिकडे चालवून घेतो. पण थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतं, आणि इथेच गंमत आहे. समजा एखाद्या गाडीचे ब्रेक बरोबर १३ मीटरचे, काठावर पास होणारे आहेत. काटा ३० दाखवतोय पण खरा वेग २७ असेल, तर ती साडेदहा मीटरमध्ये थांबून ऐटीत पास होईल. खरा वेग ३३ असेल, तर तिला पावणेसोळा मीटर लागतील आणि ती नापास. गाडी तीच, ब्रेक तेच, ड्रायव्हर तोच. आपल्या पेपर तपासणीबद्दल आपण जे म्हणतो, ते इथे गणिताने सिद्ध होतं.

मग मोबाइलवर खरे ३० धरून तीन फेऱ्या मारल्या. ११.१, ११.४, ११.७ मीटर. सरासरी ११.४. म्हणजे गाडी तरीही पास! सरकारी आकड्याच्या दीड मीटर आत.

अण्णा म्हणाले, “झालं की मग. चला, पोहे खाऊ.”

पण प्रत्येक फेरीत गाडी थांबताना तोंड जरा उजवीकडे वळवत होती. तिसऱ्या फेरीला मी बाहेर उभा राहून बघितलं तर थांबताना ती रेघेपासून हातभर उजवीकडे गेली होती. आपल्याकडे उजवीकडे काय असतं ते सांगायला नको. दुभाजक असतो, नाहीतर समोरून येणारा ट्रक असतो.

पोहे खाता खाता मी पेपर नॅपकिनवर गणित मांडलं. ते इथे देतो, कारण ज्युनिअर मुलांना कायनेमॅटिक्सचा उपयोग काय असा प्रश्न नेहमी पडतो. ताशी ३० म्हणजे सेकंदाला ८.३३ मीटर. वर्ग केला, दुप्पट अंतराने भागला: १३ मीटरमध्ये थांबणाऱ्या गाडीचा मंदगतीचा दर साधारण २.७ मीटर प्रति सेकंद वर्ग येतो. चांगल्या टायरची, चांगल्या ब्रेकची कार कोरड्या डांबरावर याच्या दुपटीहून जास्त सहज देते. म्हणजे नियम मागतो ते गाडीच्या अंगात असलेल्या ताकदीच्या निम्म्यापेक्षाही कमी. शंभरात चाळीस! मी ओरडलोच. हा नियम आपल्या विद्यापीठानेच केलेला असणार.

हा आकडा एवढा सैल का, हे सरांना विचारलं. सर म्हणाले, नियम लिहिताना रस्त्यावरची प्रत्येक चारचाकी डोळ्यापुढे ठेवावी लागते, नवी आणि जुनी, हलकी आणि भरलेली. सगळ्यांना एकच दोर लावायचा तर तो सैलच लावावा लागतो. पटलं. तरी ६५० किलोच्या मारुतीला तोच दोर लावला की तिचे अर्धे ब्रेक मेले तरी ती त्यातून निघून जाते.

त्या रविवारी संध्याकाळी गाडी अक्कलकोट रोडच्या गॅरेजमधल्या चाचांकडे नेली. चाचा मारुती ८०० चे डॉक्टर. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. चाचांनी त्यातली बहुतेक वर्षं तिच्या खाली झोपून काढलीत. त्यांना आम्ही आमचे आकडे, सरासरी, नॅपकिन सगळं दाखवलं. त्यांनी नॅपकिनने हात पुसले आणि म्हणाले, “उजवीकडं ओढते म्हणजे डाव्या चाकाचं काम चालंना. बास. एवढं लिहायला कशाला पायजे?”

चाकं काढली. पुढचा डावा कॅलिपर त्याच्या पिनांवर जाम झालेला. डिस्कवर पकड नाहीच, डिस्क गंजून तांबडी. मागच्या डाव्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर गळत होता आणि लायनर ब्रेक ऑइलमध्ये भिजून काळा चिकट झाला होता. डावी बाजू पूर्ण सुट्टीवर. म्हणजे गाडी २०२५ च्या त्या सकाळी ११.४ मीटरमध्ये थांबली ती निव्वळ उजव्या दोन चाकांच्या जिवावर. आणि नियमाप्रमाणे पास!

इथे अण्णांनी तो प्रश्न विचारला जो सगळेच विचारतात. “मग ह्याला पास केलं कुणी? पैसे खाल्ले असतील.”

मला तसं वाटत नाही, म्हणजे तसं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. २०२४ च्या जानेवारीत ही गाडी तपासली तेव्हा तिचे ब्रेक चांगले असूही शकतील. व्हील सिलिंडरचं रबर गळायला लागलं की महिन्याभरात लायनर भिजतो. तपासणी म्हणजे त्या दिवसाचा फोटो. सोळा महिन्यांपूर्वीच्या फोटोवरून आज ताप आहे का ते सांगता येत नाही. आईच्या दवाखान्यात दर महिन्याला रक्त तपासतात, गेल्या वर्षीचा रिपोर्ट चांगला होता म्हणून कुणी सोडून देत नाही.

तरी सगळीकडे सगळं साजूक असतं असंही नाही. गाडी रस्त्यावर न चालवताच फिटनेस दिला जातो, ही तक्रार घेऊन पुण्याचे श्रीकांत कर्वे मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. त्यांची जनहित याचिका ट्रक, बस, रिक्षा अशा व्यावसायिक वाहनांबद्दल होती. न्यायालयाने २०१६ मध्ये ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक हवाच असा आदेश दिला, आणि पुढे ज्या कार्यालयांकडे ट्रॅक नाही त्यांनी फिटनेस सर्टिफिकेट देऊ नये इथपर्यंत गोष्ट गेली. एका माणसाने धरून ठेवलं म्हणून राज्यभर ट्रॅकचा विषय निघाला, ही मला या सगळ्यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

पण मित्रांनो, ट्रॅक असला तरी आमची गाडी पासच झाली असती हे विसरू नका. ती पकडली गेली असती रोलरवर. २०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम आणले, त्यात रोलर ब्रेक टेस्टर आहे. एका अक्षाची दोन्ही चाकं फिरत्या रोलरवर ठेवायची आणि ब्रेक दाबायचा. डावं चाक किती जोर लावतंय, उजवं किती, ते वेगवेगळं मोजलं जातं. आमच्या डाव्या चाकाचं पितळ तिथे एका मिनिटात उघडं पडलं असतं. शिवाय यंत्राला ‘चहापाणी’ समजत नाही. यंत्राचं कॅलिब्रेशन करणाऱ्याला समजतं की नाही, हा प्रश्न मेट्रॉलॉजीच्या मंडळींनी सोडवावा.

ब्रेक झाल्यावर चाचांनी गाडी जॅकवर घेतलीच होती, तर बाकीही बघून टाकलं. मारुती ८०० ची दुखणी ठरलेली असतात, चाचा डोळे मिटून सांगतात. पहिलं, पत्रा. पायाखालची मॅट वर केली तर खाली पुठ्ठा, पुठ्ठ्याखाली ओल, ओलीखाली गंज. बाहेरून मात्र काळं अंडरकोटिंग ताजं आणि चकचकीत. चाचांनी स्क्रू ड्रायव्हर खालून टेकवला आणि जरासा दाबला, तो ड्रायव्हर सीटच्या रुळाजवळ वर निघाला! अण्णा गाडीत बसले असते तर गुदगुल्या झाल्या असत्या. हसू आलं खरं, पण ती सीट तिथे ज्या बोल्टवर उभी असते तो बोल्ट सडलेल्या पत्र्यात होता. धडक बसली तर सीटबेल्ट बांधलेला माणूस सीटसकट पुढे. आणि तपासणारा काय करणार? सर्टिफिकेट देताना कुणी गाडीला स्क्रू ड्रायव्हरने भोसकत नाही. नवं कोटिंग हे विकणाऱ्याने खर्च केलाय म्हणून खुश व्हायचं कारण नाही, ते खरवडून बघायचं कारण आहे, हे मात्र त्या दिवशी शिकलो.

दुसरं, लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट. खड्ड्यातून जाताना पुढून ‘टक’ असा आवाज आला तर तेच. आमचा आवाज टकच्या पुढे जाऊन ‘टकाटक’ झाला होता. तिसरं, स्टीअरिंगचा प्ले. नियमात इथेही सैल दोर आहे: ३० अंशापर्यंत रिकामं फिरलेलं चालतं. घड्याळाच्या तबकडीवर ३० अंश म्हणजे बारापासून एकपर्यंत. तेवढं चाक फिरवा, गाडीला पत्ताच नाही, तरीही पास. आमचं दहा-बारा अंश होतं, रॅकचा बुश बदलून निम्म्यावर आलं. चौथं, वळताना चाकातून येणारी कटकट. सीव्ही जॉइंटचं रबरी बूट फाटलं की ग्रीस बाहेर आणि कुंभारीची धूळ आत. ते मात्र आमचं शाबूत होतं. क्लचची केबल, रेडिएटरच्या पंख्याचा स्विच, पंखा चालू न झाल्यामुळे तापलेल्या इंजिनचं उडालेलं हेडगॅस्केट, ही पुढची नावं. यातलं क्लच-इंजिन तर कुठल्याच देशातल्या अशा तपासणीत फारसं येत नाही. गाडी रस्त्यात बंद पडणं हा मालकाचा प्रश्न, गाडी न थांबणं हा सगळ्यांचा, असा तो हिशोब आहे. हिशोब बरोबर आहे. पण डायलिसिसला निघालेल्या माणसासाठी गाडी वळसंगच्या पुढे बंद पडणं हाही साधा प्रश्न नसतो.

टायरची गोष्ट जरा वेगळी. त्यांवर नक्षी भरपूर होती, चार मिलिमीटर तरी. नियम १.६ मागतो. म्हणजे इथे गाडी डिस्टिंक्शनमध्ये. चाचांनी टायरच्या कुशीवरचा छोटा लंबगोल ठसा दाखवला: २३१४. म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. अकरा वर्षांचा! गाडी जास्त फिरली नाही म्हणून नक्षी राहिली, रबर मात्र दगड झालेलं, कुशीला केसासारख्या चिरा. सोलापूरच्या मे महिन्यात हायवेवर असा टायर फुटायला निमित्त लागत नाही. नक्षी मोजतात, वय कुणी मोजत नाही. होस्टेलवर सेकंडहँड बाइक घेणाऱ्या मुलांनी तरी ते चार आकडे वाचून घ्यावेत. शेवटचे दोन म्हणजे वर्ष.

पीयूसीचंही सांगून टाकतो. २००९ ची पेट्रोल कार म्हणजे आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड अर्धा टक्का आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत हवं. आमच्या गाडीने पहिल्यांदा थंड इंजिनवर अर्ध्या टक्क्याच्या वर दाखवलं, आणि अक्कलकोट नाक्यापर्यंत चक्कर मारून आल्यावर निवांत आत. कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. यात लबाडी नाही, तपासणी गरम इंजिनवरच करायची असते. पण बघा, एकाच सकाळी एकच गाडी नापास आणि पास. असो.

परदेशात सगळं छान असतं असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, ती मी पाळणार नाही, पण ग्रेट ब्रिटनमधली एक गोष्ट मला आवडली. तिथे १९६० मध्ये दहा वर्षांवरच्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली. आता तीन वर्षांवरच्या कारची दर वर्षी होते. एमओटी म्हणतात तिला. तीही त्या दिवसापुरतीच, तीही इंजिन-क्लच-गिअरबॉक्स बघत नाही. पण तिच्या निकालात पास-नापास याखेरीज शेरे असतात. ‘पास, पण मागचा टायर संपत आलाय.’ ‘पास, पण ब्रेकचा पाइप गंजतोय.’ आणि गाडीचा नंबर टाकला की जुन्या तपासण्यांचे निकाल, शेरे, त्या वेळचं किलोमीटर मीटर, सगळं कुणालाही फुकट बघता येतं. म्हणजे सेकंडहँड गाडी घेणाऱ्या तिथल्या एखाद्या अण्णाला ‘बघायचं कामच नाही’ असं सांगायची सोय नाही. आपल्याकडे वाहन पोर्टलवर तारखा दिसतात. गाडी पास झाली ते कळतं, कितीने पास झाली ते कळत नाही. मार्कशीटवर फक्त ‘पी’ छापून दिलं तर कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या काय म्हणतील?

जर्मनीची कथा मेकॅनिकलवाल्यांना आणखी जवळची वाटेल. तिथे गाड्या तपासणाऱ्या ज्या टीयूव्ही संस्था आहेत त्यांचं मूळ बॉयलरमध्ये आहे. १८६५ मध्ये मानहाइमला एका बिअरच्या कारखान्यात बॉयलर फुटला, आणि पुढच्याच वर्षी बॉयलरमालकांनी एकत्र येऊन तपासणीची संस्था काढली. सरकारने सांगितलं म्हणून नव्हे, आपलाच बॉयलर आपल्यावर फुटेल म्हणून. गिरण्यांच्या गावात वाढलेल्या सोलापूरकराला यातली भीती वेगळी समजावून सांगायला नको.

तर खर्च. ब्रेकचं सगळं, दोन्ही कॅलिपरचे किट, मागचे सिलिंडर, लायनर, नवं ब्रेक ऑइल धरून ४३०० रुपये. चार टायर ११,२००. पत्रा कापून नवा जोडायला ६०००. लोअर आर्म आणि रॅकचा बुश मिळून २४००. बेरीज २३,९००. बासष्ट हजारांच्या गाडीला! अण्णा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी सोसायटीतून उचल घेतली. आईला बेरीज सांगितलेली नाही. हा अंक घरी नेणार नाही.

जुलैमध्ये पुन्हा एका रविवारी तीच रेघ, तोच टेप. सरासरी ६.२ मीटर, आणि गाडी सरळ. या वेळी टाळ्या वाजवायच्या आधी सगळ्यांनी मोबाइलकडे बघितलं. मग मी पुढचं गणित केलं, आणि ते मला अजून अधूनमधून आठवतं. अक्कलकोट रोडवर अण्णा साठच्या वर जात नाहीत. साठला अंतर चौपट होतं: दुरुस्तीनंतरची गाडी २४.८ मीटरमध्ये थांबणार, दुरुस्तीआधीची ४५.६ मध्ये. आता दोन्ही गाड्या शेजारी शेजारी धावताहेत आणि दोघींनी एकाच क्षणी ब्रेक दाबला असं समजा. जिथे पहिली पूर्ण थांबते, तिथे दुसरीचा वेग अजून ताशी चाळीस आहे. दोघीही कायद्याने पास, दोघींचंही पासिंग २०२९ पर्यंत.

नोव्हेंबरमध्ये उसाचा हंगाम सुरू झाला. तुम्हाला माहितीच आहे, आपल्या गेटसमोरून रात्री ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या जातात, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला. एका पहाटे कुंभारीच्या अलीकडे धुक्यात अशीच ट्रॉली रस्त्यात उभी होती, टायर बदलत होते. अण्णांनी ब्रेक मारला. किती मीटर राहिले होते विचारलं तर म्हणाले, “टेप नव्हता रे जवळ.” मग थोड्या वेळाने म्हणाले, दोन ऊस मोडून घेता आले असते एवढ्यावर थांबली. आई मागे झोपली होती. तिला वाटलं दवाखाना आला.

अजून टायमिंग बेल्ट बदलायचा राहिलाय. चाचा म्हणतात पाच हजार किलोमीटर निघतील, अण्णा म्हणतात दहा. माझी परीक्षा संपली की मी जाऊन बघणार आहे.